कडू लागतं का?

काशीबाई आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कधी चढली नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. डोक्यावर टोपली घेऊन ती जिन्याने येते आणि दारात टेकते तेव्हा तिला धाप लागलेली असते. माझी बायको मालिनी म्हणते, "अगं, लिफ्ट आहे ना!" त्यावर काशीबाईचं उत्तर ठरलेलं असतं.

"दार आपोआप लागतंय. लावनारा दिसला तर चढीन."

मला लिहायची सवय नाही. हे लिहावं असं मालिनीचं म्हणणं, कारण दवाखान्यात काशीबाईबरोबर मी होतो. मालिनीचे गुडघे तेव्हा इतके दुखत होते की तिला जाता आलं नाही. जमेल तसं लिहितो. चुकलं तर मालिनी सांगेलच.

काशीबाई बारवी धरणाच्या बाजूच्या एका ठाकरवाडीतली. बदलापूरपर्यंत जीपने येते, तिथून चिखलोलीच्या नव्या इमारतींमध्ये फिरते. पावसाळ्यात करटोली, शेवळं, कुर्डू अशा रानभाज्या विकते, उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक, आणि स्वभावाने अतिशय संशयी. नोट उजेडात धरून बघते, ती देणारी मालिनी असली तरी. चहा दिला तर मालिनीने आपल्या कपातला घोट घेईपर्यंत स्वतःचा कप तोंडाला लावत नाही.

"काशी, ही करटोली कोवळी आहेत ना?" मालिनी विचारते.

"मी सांगून तुमी ऐकनार हाय का? नख लावून बघा."

"विश्वास आहे म्हणून विचारलं गं."

"नका ठेवू. मी तरी कुठं ठेवते?"

मालिनीला याचा राग येतो. मला येत नाही. मी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात लॅबमध्ये होतो. बाहेरून आलेलं पिंप तपासल्याशिवाय आत घ्यायचं नाही, एवढंच माझं काम. पिंप पाठवणाऱ्याला त्यात अपमान वाटू नये असं मला नेहमी वाटायचं.

तिचा नवरा गोमा अगदी उलट. शांत, हसरा, सतत विडी ओढणारा. त्याला कुणी काही सांगितलं की तो "व्हय" म्हणतो. टोपली जड असली की तो बरोबर यायचा आणि खाली गेटपाशी वॉचमनशी गप्पा मारत बसायचा. काशीबाई म्हणायची, "ह्याला कुनीबी फशिवतो, म्हनून दोघांचं मना एकटीलाच बघावं लागतं."

गेल्या वर्षी भात फुलोऱ्यावर आलं होतं तेव्हा गोमाला साप चावला. घरात जमिनीवर झोपला होता. चावलेलं त्याला कळलंसुद्धा नाही. पहाटे पोटात कळा आल्या, मग पापण्या मिटायला लागल्या, घास गिळता येईना. आधी घरच्यांना वाटलं काही खाण्यात आलं असेल. मग कुणीतरी भगताला बोलावलं. भगताने कडुनिंबाचा पाला चुरगळून त्याच्या जिभेवर ठेवला आणि विचारलं, "कडू लागतं का?" त्या बाजूला साप चावलेल्याला हे विचारतातच. कडू लागलं तर अंगात विष नाही, लागलं नाही तर आहे. गोमा कसाबसा म्हणाला, न्हाय लागत. भगताने हात जोडले. म्हणाला, मण्यार हाय, माझ्या हातचं न्हाय, डाक्टरकडं न्या.

तोपर्यंत उशीर झाला होता. बदलापूरला सापाच्या विषाचं इंजेक्शन दिलं, पण श्वास बंद पडत चालला होता. घशात नळी घालताना तो ओकला. नळीला लावलेली हवेची पिशवी दाबत दाबत त्याला ॲम्ब्युलन्सने उल्हासनगरला आणलं, कॅम्प चारमधल्या एका ट्रस्टच्या छोट्या हॉस्पिटलात. तिथे अतिदक्षता विभाग होता आणि एक व्हेंटिलेटर मोकळा होता.

काशीबाईने मुलीच्या फोनवरून मालिनीला फोन केला. "काकांना धाडा. डाक्टर काय बोलतात ते मना कळलं पायजे. त्यांनी इचारायचं, मी ऐकनार."

मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही. पण नाही म्हणायलाही जमत नाही.

मी पोचलो तेव्हा ती काचेच्या दारापाशी उभी होती, कपाळ काचेला टेकवून. वाडीतले दोन-तीन पुरुष जिन्यात बसले होते. त्यांच्यातला एक मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, मानूस गेलाय. मशीन हलवतंय छाती. आमाला कळतंय ना."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. आत गेल्यावर गोमा दिसला तो निर्जीवच. डोळे मिटलेले, तोंडातून नळी गेलेली, बोटसुद्धा हलत नव्हतं. तिथे डॉक्टर जिज्ञासा म्हणून एक तरुण मुलगी होती. डोळ्यांखाली काळं, पण बोलणं शांत.

"काका, यांना सगळं ऐकू येतंय," ती म्हणाली. "मण्यारीच्या विषाने स्नायू गळतात, शुद्ध जात नाही. फक्त सांगता येत नाही त्यांना." मग ती गोमाच्या कानाशी वाकली. "गोमा, पायाचा अंगठा हलवा बरं."

बराच वेळ गेला. मग अंगठा हलला, अगदी थोडा.

काशीबाईने चादर उचलून खाली बघितलं. मग पायाच्या बाजूने, गादीखाली.

"काय शोधताय?" डॉक्टरने विचारलं.

"तार."

नेत्रा नावाची सिस्टर तिथे होती. ती फणकारली, "मावशी, हे काय खेळणं आहे का? चावी देऊन हलवायला?"

"मना काय म्हाईत? तुमच्याकडं सगळं तारेवरच चाललंय."

सकाळी आणि संध्याकाळी एकाच नातेवाइकाला थोडा वेळ आत सोडत. बाकीचा वेळ काशीबाई काचेपाशी असायची. सिक्युरिटीवाला येता-जाता हिंदीत म्हणायचा, "ओ माई, शीशे पे निशान पडता है, साहब लोग बोलते हैं." ती ऐकायची नाही. आत कुणी काय केलं, ते मी गेलो की मला सांगायची. सिस्टरने हातमोजे न बदलता दुसऱ्याला हात लावला. वॉर्डातल्या पोऱ्याने नळीतलं पाणी सांडलं. तिचं निम्मं बरोबर असायचं, निम्मं चूक. कोणतं निम्मं कोणतं, ते मला कळायचं नाही.

एक गोष्ट ती रोज सांगायची. "सकाळी त्याला उशाकडनं उचलून ठेवत्यात, बसल्यावानी. सांच्याला बघावं तर सपाट."

मी नेत्रा सिस्टरला चाचरत विचारलं. ती उलट माझ्यावरच चढली. "काका, मशीनवरच्या पेशंटला अर्धं बसतं ठेवायचं असतं. पोटातलं वर येऊन छातीत उतरू नये म्हणून. आम्ही वर करतो आणि तुमचीच माणसं येऊन खाली करतात. सगळ्यांचं तेच. म्हणे, मान दुखेल, सरळ झोपू दे बिचाऱ्याला!"

"मी न्हाय केलं," काशीबाई म्हणाली.

"मग खाट काय स्वतःहून झोपली?"

"ते तुमी सांगा. खाट तुमची हाय."

हळूहळू गोमा सुधारत होता. डोळे किलकिले व्हायला लागले, हाताची बोटं हलली. डॉक्टर जिज्ञासा म्हणाली, विष उतरतंय, लवकरच नळी काढायचा प्रयत्न करू. काशीबाईने ते ऐकलं आणि उलट काही विचारलं नाही. तिच्या बाबतीत तो आनंदच म्हणायचा.

आणि मग ताप आला. मशीनचा ऑक्सिजन वाढवावा लागला. नळीतून घट्ट कफ यायला लागला. डॉक्टरने आम्हाला दोघांना बोलावून एक्स-रे दाखवला. उजव्या बाजूला खाली पांढरट ढग होता.

"न्यूमोनिया झालाय," ती म्हणाली. "मशीनवर असलेल्यांना होतो हा. नळीच्या बाजूने तोंडातली घाण छातीत उतरते, शिवाय यांना पहिल्या दिवशी ओकारी झाली होती."

काशीबाई पुढे सरकली. "आनला तवा होता?"

"काय?"

"ह्यो न्यूमोनिया. आनला तवा होता का?"

"नाही. इथे आल्यावर झाला."

काशीबाई माझ्याकडे वळली. "ऐकलं ना काका? कबूल केलं."

डॉक्टरचा चेहरा पडला. मला वाटतं, खोटं बोलली असती तर तिला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "हो, इथेच झाला. आता यातून ते कसे निघतील तेवढं बघायचंय." मी विचारलं म्हणून तिने पुढचं समजावलं. सगळ्यांचं सारखं होत नाही. वय झालेलं असेल, अंगात ताकद कमी असेल, फुफ्फुस विडीने आधीच खराब असेल, मशीनवर फार दिवस गेले असतील, दुसरा एखादा अवयव कुरकुरत असेल, तर वाईट होण्याची भीती जास्त. गोमाच्या बाबतीत यातलं बरंच होतं. मूत्रपिंडाचे आकडे चढलेले होते. "आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिलं औषध त्या जंतूला लागू पडायला हवं. तपासणीचा निकाल यायला वेळ लागतो. तोपर्यंत आम्हाला अंदाजानेच द्यावं लागतं. अंदाज चुकला तर वेळ जातो. तो वेळ यांच्याकडे नाही."

बाहेर आल्यावर काशीबाई म्हणाली, "इख उतरलं म्हनाली. मंग मशीन कशाला? ताप कुनालाबी येतो. तापाला मशीन लावत्यात का?"

मी न्यूमोनियाचं पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. ती दुसरीकडे बघत होती.

त्यानंतर एकदा सकाळी गेलो तर डॉक्टर जिज्ञासा माझी वाटच बघत होती. "काका, त्यांच्या तोंडातून आणि नळीच्या तोंडाशी हिरवं यायला लागलंय. चांगलं हिरवं. असा रंग दिसला की आम्हाला एका जंतूचा संशय येतो. चिवट असतो तो. त्याच्यासाठी वेगळं औषध जोडावं लागेल. अडचण अशी की ते मूत्रपिंडाला जड आहे, आणि यांची मूत्रपिंडं आधीच... कदाचित डायलिसिस लागेल. दुपारी सुरू करायचं म्हणते. तुम्ही काशीबाईंना सांगा."

मी मान हलवली. काशीबाई नुकतीच आत जाऊन आली होती आणि नळाशी हात धूत होती. मी तिच्या बाजूला उभा राहिलो आणि मला वास आला.

नाक माझं अजून चांगलं आहे. लॅबमध्ये आम्ही पिंप उघडलं की आधी वास घ्यायचो. हा वास चुरगळलेल्या कडुनिंबाचा होता. तिच्या तळव्याच्या रेषांत हिरवं उतरलं होतं आणि ती ते घासून घासून काढत होती. हॉस्पिटलच्या आवारात, सायकली लावतात तिथे, कडुनिंबाचं झाड होतं.

मला असा कुणाला तोंडावर जाब विचारता येत नाही. मी म्हटलं, "काशीबाई, चहा घेऊ या."

टपरीवर तिने नेहमीप्रमाणे मी घोट घेईपर्यंत वाट बघितली. मी घोट घेतला आणि म्हणालो, "तुम्ही गोमाला पाला दिलात का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदराची गाठ दाबून धरली.

"कुनी सांगितलं? त्या सिस्टरनं?"

"नाही. वास आला."

"पाला न्हाय दिला. रस. पदराचं टोक भिजवून व्हटात पिळलं. थोडंच." ती थांबली. "इख उतरलं, इख उतरलं म्हनत्यात. मना कसं कळनार खरं का खोटं? म्हनून बघितलं. कानात इचारलं, कडू लागतं का? डोळं गच्च मिटलं त्यानं, काका. पानी आलं डोळ्यातनं. लागलं कडू! म्हंजे इख न्हाय अंगात. डाक्टरीन खरं बोलली तेवढं. मंग आता मशीनवर कशाला ठेवलाय? दोनदा-तीनदा बघितलं. दर येळंला लागतंय कडू. मी उद्या त्याला घरी नेनार. जीप सांगून ठेवलीय."

जीप सांगून ठेवली होती. नळी काढून त्याला वाडीच्या रस्त्याने नेलं असतं तर तो बदलापूरसुद्धा ओलांडू शकला नसता. दुसरीकडे, मी गप्प बसलो तर दुपारी त्याला ते जड औषध मिळणार होतं, एका रंगावरून. आणि मी डॉक्टरला सांगितलं तर काशीबाईला आत सोडणं बंद. ती पुन्हा माझ्याशी बोलली नसती, हे वेगळंच.

"तुम्ही हे डॉक्टरला सांगा," मी म्हटलं.

"येडी हाय का मी? सांगितलं की मना भायेर काढतील. मंग आत काय करत्यात ते कोन बघनार? आनि सगळं माझ्यावर घालतील. न्यूमोनिया पन माझाच म्हनतील. त्यास्नी तेच पायजे."

हे सगळं खरं होतं. चहा संपला. शेवटी मला जे एकच काम येत होतं त्यातलं मी बोललो.

"काशीबाई, तुम्ही पाल्याने परीक्षा केलीत ना? ती मुलगी पण परीक्षाच करतेय. तिची रंगावरून आहे. कफ हिरवा आला की कोणता जंतू ते ती ओळखते. आता तिला हिरवं दिसतंय."

"बरं मंग?"

"ते हिरवं तुमचं आहे."

तिने स्वतःचे तळवे उलटे करून बघितले.

"समजा भगताच्या पाल्यावर कुणी आधीच गूळ चोळून ठेवला असता. गोमाला गोड लागलं असतं. भगताला काय कळलं असतं?"

"उलटं कळलं असतं."

"दुपारी ती गोमाला औषध देणार आहे, कदाचित नसलेल्याच जंतूचं. ते मूत्रपिंडं खराब करतं, लघवी बंद पाडतं."

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "तिला खोटं दिसतंय. माझ्यामुळं."

"तसंच असेल असं नाही. जंतूही असू शकतो. पण तिला ते वेगळं काढता येत नाहीये."

काशीबाई उठली. मला वाटलं ती विचार करत फिरेल, पण ती सरळ जिना चढली, सिक्युरिटीवाल्याला हाताने बाजूला केलं आणि काचेचं दार ढकलून आत गेली. मी मागे धावलो. तिने चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"ओ माई! ओ माई, अंदर नहीं जाने का!"

डॉक्टर जिज्ञासा गोमापाशी उभी होती. काशीबाईने पदराची गाठ सोडली आणि चुरगळलेला पाला तिच्यापुढे धरला.

"हिरवं माझं हाय. तुमचा जंतू न्हाय. मी कडुनिंब घातला त्याच्या तोंडात. इख हाय का न्हाय ते बघाया."

नेत्रा सिस्टरने डोक्याला हात लावला. "अरे देवा! मॅडम, बघा! मी म्हटलं नव्हतं? नळीवाल्या पेशंटच्या तोंडात! मावशी, मारून टाकाल तुम्ही माणसाला! गार्ड, बाहेर काढा यांना!"

"थांब," डॉक्टर म्हणाली. तिने पाला हातात घेतला, वास घेतला. तिचा आवाज बदलला होता. रागावली होती, आणि ते दाबत होती. "कधी घातलंत?"

"आज सकाळी. काल. त्याच्या आदल्या दिशी."

"त्याच्या आधी?"

"न्हाय."

"ताप यायच्या आधी घातलं होतं का? खरं सांगा. मला औषधासाठी हवंय."

"न्हाय म्हनते ना!"

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिली. विश्वास ठेवावा की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं, आणि मलाही. काशीबाईला ते दिसलं. पहिल्यांदाच कुणी तिला असं उजेडात धरून बघत होतं.

"मी माझं सांगितलं," ती म्हणाली. "आता तुमी तुमचं सांगा. खाट कोन खाली करतं?"

मग नेत्रा सिस्टर खाटेच्या पायथ्याशी वाकली. हँडल फिरवून तिने उशाकडची बाजू वर केली आणि सोडून दिली. आम्ही सगळे बघत उभे राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मग आतून किर्र असा बारीक आवाज आला आणि खाट जराशी खाली आली. थोड्या वेळाने आणखी जराशी.

"स्क्रू झिजलाय वाटतं," ती हळूच म्हणाली. "मला खरंच वाटलं तुमचे लोक करतात."

"मना वाटलं तुमी करता," काशीबाई म्हणाली.

त्या दुपारी ते जड औषध दिलं नाही. तोंड स्वच्छ करून, नळीतून आणखी खोल दुसरी नळी घालून पुन्हा नमुना घेतला. खालून आलेला कफ पिवळट होता, हिरवा नव्हता. संध्याकाळपर्यंत लॅबवाल्याने काचपट्टी बघून संशयाचा जंतू दिसत नाही असं कळवलं, आणि दोन दिवसांनी पक्का निकाल आला. जंतू दुसराच निघाला. हॉस्पिटलांमध्येच वाढणारा, पण मूत्रपिंडाला न दुखावणारं एक औषध त्याला लागू पडत होतं. खाट बदलून दुसरी आणली.

काशीबाईला आत येऊ द्यायचं की नाही यावर बरीच वादावादी झाली. शेवटी डॉक्टर म्हणाली, येऊ दे, पण तपासून. त्यानंतर रोज दारात एक प्रकार चालायचा. नेत्रा सिस्टर काशीबाईच्या पदराच्या गाठी सोडून बघायची, तळवे उलटेसुलटे करायची, नखांचा वास घ्यायची. ते झालं की काशीबाई म्हणायची, "आता तुमचं दाखवा." सिस्टर हात पुढे करायची आणि हातमोजे नवे आहेत का ते काशीबाई बघायची.

"झालं समाधान?"

"उद्या परत बघनार."

जीप तिने रद्द केली नव्हती, पुढे ढकलली होती. मला सांगितलं नव्हतं. ते मला जीपवाल्याचा फोन तिने माझ्यासमोर घेतला तेव्हा कळलं. "उद्या न्हाय. परवा सांगते." त्या परवाला ती पुन्हा परवा म्हणाली. मी काही बोललो नाही. मी बोललो असतो तर तिला वाटलं असतं मला डॉक्टरने पढवलंय.

ताप उतरायला वेळ लागला. मध्ये एकदा गोमाचं इतकं बिघडलं की डॉक्टरने मला बाजूला घेऊन नातेवाइकांना बोलवायला सांगितलं. वाडीतले लोक आले, जिन्यात बसले. काशीबाई काचेपाशीच होती. तिने मला फक्त एवढंच विचारलं, "माझ्यामुळं का?" मी म्हणालो, मला माहीत नाही. ती म्हणाली, "डाक्टरनीला इचारा." मी विचारायला गेलो आणि न विचारताच परत आलो. ती मुलगी त्या वेळी गोमाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून उभी होती.

पण तो निघाला त्यातून. हळूहळू मशीनचा आधार कमी केला, मग नळी काढली. काशीबाई या दिवसाची वाट बघत होती, आणि ती फक्त तो बरा होण्याची नव्हती. गोमाला सगळं ऐकू येत होतं ना? मग बंद दारामागे काय काय झालं याचा तोच साक्षीदार होता. तो बोलेल तेव्हा खरं काय ते एकदाचं कळणार होतं. नेत्रा सिस्टरही त्या दिवशी उगाच आजूबाजूला घुटमळत होती.

आवाज घोगरा होता. काशीबाई खाटेच्या कडेला टेकली. "बोल. काय काय केलं यांनी?"

गोमा आठवत राहिला. "पानी आलं होतं," तो म्हणाला. "खाचरातलं. खाटंपतोर."

"कुठलं पानी?"

"बैल उभं होतं हितं. सिस्टरबाई त्यास्नी पेंडा घालत होती."

नेत्रा सिस्टर खो-खो हसली. डॉक्टरने आम्हाला सांगितलं, अतिदक्षतेत राहिलेल्यांना असे भास होतात, त्यांना ते खरेच वाटतात. काशीबाई मात्र हसली नाही.

"कडू आठवतंय का?"

"व्हय. लय कडू." त्याने तोंड वाकडं केलं. "पयल्यांदा दिलंस तवा बैल आले नव्हते. बैल मागनं आले. अंग तापल्यावर."

कुणाला काही वाटलं नाही. सिस्टर अजून बैलांवरच हसत होती. ताप यायच्या आधी रस दिला नाही असं काशीबाईने सांगितलं होतं. मी काशीबाईकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. तापात माणूस काय आधी, काय नंतर हे उलटंपालटं सांगू शकतो. बैलसुद्धा त्याने बघितले होतेच की. पण काशीबाईचा हात पदरावर होता, जिथे गाठ असायची तिथे.

ती उठली आणि डॉक्टर जिज्ञासाकडे गेली. मी जवळच होतो.

"पोरी," ती म्हणाली. आधी कधी ती तिला पोरी म्हणाली नव्हती. "त्याचा न्यूमोनिया माझ्या रसानं झाला का?"

डॉक्टर लगेच म्हणाली, "नाही हो. तो जंतू इथलाच होता. ओकारी झाली होती, खाट खाली जात होती. तुमच्या रसाचा काही संबंध नाही."

आधी एकदा तिने खोटं बोलणं टाळलं होतं आणि तेव्हा तिला त्रास झाला होता. या वेळी ती इतकी चटकन बोलली की मला शंका आली. काशीबाईला तर आलीच. ती डॉक्टरच्या तोंडाकडे, मग हाताकडे, मग परत तोंडाकडे बघत राहिली. आणि मग तिने मान हलवली.

गोमा आता वाडीवर आहे. चढ चढताना थांबतो, विडी सुटली आहे असं तो सांगतो. काशीबाईला ते खरं वाटत नाही. परवा ती कुर्डूची जुडी घेऊन आली होती. मालिनी आत चहा करत होती. काशीबाईने दारातूनच आवाज खाली आणून मला विचारलं, "काका, ती पोर खोटं बोलली ना माझ्यासाठी?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही, काशीबाई. खरंच नाही माहीत."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"तुमी पन," ती म्हणाली, आणि टोपली उचलून जिन्याकडे वळली. चहाला थांबली नाही.